डेटा सायंटिस्ट व्हायचंय? आधी विचारा, कुठला!

विरार स्टेशनला पश्चिमेकडे उतरलात की बोळिंजच्या शेअर रिक्षासाठी रांगेत उभं राहावं लागतं. रांग सरकेपर्यंत करायला काही नसतं, म्हणून आपण समोरच्या जाहिराती वाचतो. पूर्वी तिथे स्पोकन इंग्लिश असायचं, मग टॅली आलं, मग ॲनिमेशन. आता रिक्षाच्या पाठीवरही एकच गोष्ट दिसते: ‘सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट बना. १०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स.’

शेवटचा शब्द परत वाचा. असिस्टन्स. गॅरंटी नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका दादाने तो शब्द परत वाचला नव्हता. बी.एस्सी. झाल्यावर त्याने असाच एक कोर्स केला. फी दीड लाख. रोख भरणं शक्य नव्हतं, तर क्लासवाल्यांनीच काउंटरवर कर्ज करून दिलं, हप्ते बांधून दिले. सहा महिन्यांनी सर्टिफिकेट आलं आणि ‘असिस्टन्स’ म्हणून इंटरव्ह्यूचे तीन कॉल आले. त्यातले दोन टेलिकॉलिंगचे होते. आज तो भिवंडीच्या एका गोदामात एमआयएस एक्झिक्युटिव्ह आहे. दिवसभर एक्सेलमध्ये माल किती आला, किती गेला, किती परत आला याचा हिशोब लावतो. गंमत म्हणजे तो म्हणतो, ‘डेटा म्हणजे काय हे मला क्लासमध्ये कळलंच नाही, गोदामात कळलं.’

दरवर्षी निकालाच्या हंगामात आमच्यासारख्या पानांवर ‘हॉट करिअर’चे लेख येतात. यंदा डेटा सायन्सवर लिहायचं काम माझ्याकडे आलं. दहावीनंतर माझा आणि गणिताचा संबंध फारसा राहिलेला नाही, त्यामुळे मी या क्षेत्रात काम करणाऱ्यांना एकच प्रश्न विचारत सुटले: ‘सोमवारी सकाळी ऑफिसला गेल्यावर तुम्ही नक्की काय करता?’ बँकेतल्या माणसाचं उत्तर हॉस्पिटलमधल्या माणसापेक्षा इतकं वेगळं होतं की हे दोघं एकाच पदनामाने ओळखले जातात यावर विश्वास बसेना. हा लेख त्या फरकाबद्दल आहे. कारण जाहिरात तुम्हाला पॅकेज सांगते, काम सांगत नाही.

नाव आलं कुठून?

‘डेटा सायंटिस्ट’ हे पदनाम रूढ केलं दोघांनी. २००८च्या सुमारास लिंक्डइनमधले डीजे पाटील आणि फेसबुकमधले जेफ हॅमरबाकर आपापल्या टीमला काय म्हणायचं याचा विचार करत होते, त्यातून हे नाव पुढे आलं. हो, पाटील. धनुर्जय पाटील, चिप बनवणाऱ्या सिरस लॉजिक कंपनीचे संस्थापक सुहास पाटील यांचा मुलगा. २०१२ मध्ये याच डीजे पाटलांनी थॉमस डेव्हनपोर्टसोबत ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लेख लिहिला आणि एकविसाव्या शतकातली सगळ्यात आकर्षक नोकरी हीच, असं जाहीर केलं. २०१५ मध्ये ओबामा सरकारने त्यांना अमेरिकेचा पहिला चीफ डेटा सायंटिस्ट नेमलं. आज रिक्षाच्या पाठीवर जी जाहिरात दिसते, तिचं मूळ त्या लेखापर्यंत जातं.

पण काम त्याआधीही होतंच, फक्त नाव वेगळं होतं. साताऱ्याच्या बुध गावात १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी आणि विनायक पानसे यांनी १९४०च्या दशकात पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत देशभर नेली. कल्पना सोपी आहे. तालुक्यातलं सगळं शेत मोजणं अशक्य, म्हणून गावं, शेतं आणि शेतातला एक छोटा तुकडा चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा, तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून अख्ख्या भागाचं उत्पादन ठरवायचं. आजही पीक विम्याची भरपाई ठरताना या प्रयोगांचे आकडे वापरले जातात. आता विचार करा. तो तुकडा चिठ्ठीने न निवडता ‘रस्त्याजवळ आहे, सोपं पडेल’ म्हणून निवडला आणि तिथलं पीक नेमकं चांगलं निघालं, तर बाकी गावाचं नुकसान झालेलं असूनही कागदावर ते दिसणारच नाही. भरपाई अडली, तर कारण कुठल्या बिघडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल, चुकीच्या निवडीत असेल.

या क्षेत्रातला पहिला धडा हाच: आकडा कुठून आला, कोणी मोजला, कसा मोजला.

आधी झाडू

ज्यांच्याशी बोलले त्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. वेळेचा मोठा हिस्सा डेटा गोळा करण्यात आणि साफ करण्यात जातो.

साफ करणं म्हणजे काय? आपल्याच गावाचं उदाहरण घ्या. ऑनलाइन ऑर्डर देताना लोक पत्त्यात बोळिंज लिहितात, बोळींज लिहितात, बोलिंज लिहितात. कोणी नुसतं ‘विरार प.’ लिहितो, कोणी ‘आगाशी रोड’, कोणी ‘म्हाडाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ’. तुम्हाला-मला कळतं की ही सगळी माणसं एकमेकांपासून दहा मिनिटांवर राहतात. कॉम्प्युटरला ती सहा वेगळी गावं वाटतात. मग डिलिव्हरी कंपनीतला कोणीतरी बसून ठरवतो की ही सहा नावं एकच धरायची. ठरवताना चुकला, तर बोळिंजची ऑर्डर दुसऱ्या गोदामात जाते आणि तुमचं पार्सल दोन दिवस उशिरा येतं. नकाशा आणि गाव माहीत असलेला माणूस इथे कोडिंगमध्ये हुशार पण गाव न पाहिलेल्या माणसापेक्षा जास्त कामाचा ठरतो.

क्लासमध्ये मात्र सरावासाठी आधीच धुऊन-पुसून ठेवलेला डेटा मिळतो. स्वयंपाक शिकवतो म्हणायचं आणि भाजी निवडून, चिरून हातात द्यायची, असा प्रकार आहे हा.

बँकेत: ९९.९ टक्के बरोबर आणि तरी निरुपयोगी

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातले व्यवहार पहिल्यांदा हजार कोटींच्या पुढे गेले. एवढ्या गर्दीत फसवणुकीचा व्यवहार शोधायचा, हे फिनटेक आणि बँकांमधल्या डेटा टीमचं एक मुख्य काम.

समजा दहा हजार व्यवहारांत दहा फसवणुकीचे आहेत. आता मी एक मॉडेल बनवते, जे डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘सगळं ठीक’ म्हणतं. ते किती वेळा बरोबर? ९९.९ टक्के. आणि त्याने किती चोर पकडले? शून्य. म्हणून इंटरव्ह्यूमध्ये ‘माझ्या मॉडेलची ॲक्युरसी ९९ टक्के आहे’ असं अभिमानाने सांगणाऱ्याला समोरचा पुढचा प्रश्न विचारतो आणि तिथेच गाडी अडते. उलट बाजूही आहे. मॉडेल फार कडक केलं, तर साधे व्यवहार अडकतात. महिनाअखेरीला औषधांच्या दुकानात एखाद्या काकूंचं पेमेंट अडलं, तर तो टीमसाठी नुसता ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ असतो, काकूंसाठी नसतो. किती चोर सुटलेले चालतील आणि किती साधी माणसं अडलेली चालतील, हे ठरवणं हेच खरं काम, आणि त्याचा निर्णय गणित एकटं देत नाही.

दुसरं काम कर्जाचं. ३०० ते ९०० मधला सिबिल स्कोर तुम्ही ऐकला असेल. कर्ज नाकारलं तर ‘का’ हे सांगता यावं लागतं, त्यामुळे बँकांत अनेकदा फॅन्सी मॉडेलपेक्षा साधं, समजावून सांगता येईल असं मॉडेल पसंत केलं जातं. आणि आमच्या बिल्डिंगमधला दादा आठवतोय ना? त्याला कोर्स मधेच सोडावासा वाटला होता, पण क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. कर्ज फायनान्स कंपनीचं असतं. हप्ता चुकला की त्याचा स्कोर खाली. म्हणजे डेटा सायन्स शिकायला गेलेल्या मुलालाच कोणाचं तरी मॉडेल ‘धोकादायक ग्राहक’ ठरवणार.

हॉस्पिटलमध्ये: मशीनने काय पाहिलं?

मुंबईचीच क्युअर डॉट एआय ही कंपनी छातीच्या एक्स-रेवरून टीबीची शंका ओळखणारं सॉफ्टवेअर बनवते. जिथे रेडिओलॉजिस्ट सहज मिळत नाही, तिथे याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण अशा टीममध्ये काम कसलं असतं? डॉक्टरांकडून हजारो एक्स-रेंवर खुणा करून घ्यायच्या, दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडलं तर कोणाचं धरायचं हे ठरवायचं, रुग्णाचं नाव काढून टाकायचं, आणि सॉफ्टवेअर वेगवेगळ्या मशीनवर, वेगवेगळ्या गावांत तपासत राहायचं.

तपासायचं कशासाठी? २०१८ मध्ये अमेरिकेत न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलवर एक अभ्यास झाला. मॉडेल ज्या हॉस्पिटलांच्या एक्स-रेवर शिकलं होतं, तिथे चांगलं चाललं, बाहेर नेल्यावर बहुतेक वेळा घसरलं. कारण एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलचा आहे, हेही त्याला ओळखता येत होतं. जिथे रुग्ण जास्त, तिथला फोटो म्हणजे आजार, असा शॉर्टकट त्याला सापडू शकत होता. आपण परीक्षेत गाइड पाठ करतो, तसंच.

आरोग्याचा आणखी एक डेटा आपल्या हार्बर लाइनवर तयार होतो, हे किती जणांना माहीत आहे? देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम आहे. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत सहा लाखांहून जास्त घरांना भेटी दिल्या गेल्या. घरोघरी जाऊन बाईला तिच्या बाळंतपणाबद्दल, खाण्याबद्दल विचारणं, तिला मोकळं वाटेल असं विचारणं, ही डेटा सायन्सची पहिली पायरी आहे. ती कोणी ‘टेक जॉब’ म्हणत नाही. पण तिथे चूक झाली, तर वरच्या मजल्यावरचं सगळं मॉडेल चुकतं.

आभाळात आणि समुद्रात

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याला जेमतेम पंचाहत्तरच्या आसपास. दोन्हींची सरासरी काढून ‘मुंबईत पाचशे मिमी पाऊस’ असं लिहिलं, तर ते कुलाब्यालाही खोटं आणि कुर्ल्यालाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी भरून लोकल बंद पडल्या होत्या, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी घरच्यांची वाट पाहिली आहे. आपल्याला मुंबईची सरासरी नको असते, नालासोपाऱ्याचा आकडा हवा असतो. हवामानात काम करायचं असेल, तर पायथॉनच्या आधी फिजिक्स लागतं. पुण्याच्या आयआयटीएमसारख्या संस्थांत पावसाच्या मॉडेलवर काम होतं, आणि तिथली वाट विज्ञानातल्या पदव्युत्तर शिक्षणातून, पीएचडीतून जाते. सहा महिन्यांचा कोर्स तिथे पुरत नाही.

आणि अर्नाळा तर रिक्षाने जाण्याइतका जवळ. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहातून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातल्या हरितद्रव्याचं प्रमाण पाहून मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे, याची सूचना किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना मोफत देते. आकाश ढगाळ असलं की उपग्रहाला नीट दिसत नाही, मग सूचना नाही. डेटा नाही तर अंदाज नाही, हे मान्य करणं हेही शास्त्रच. कोळीवाड्यातल्या आजोबांना जे पाण्याच्या रंगावरून कळतं, त्याच्या जवळपासचं काहीतरी उपग्रह वरून पाहतो. त्यांच्याशी बोलू शकणारा, त्यांच्या बोटीचं डिझेल किती जळतं हे समजणारा मुलगा किंवा मुलगी या कामात आली, तर किती फरक पडेल!

कारखान्यात आणि आपल्या दारात

तारापूर एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यात मशीनच्या थरथरण्यावरून, तापमानावरून ते कधी बिघडेल याचा अंदाज बांधणं हे डेटाचं काम असू शकतं. वसई पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत मात्र डेटा अजून रजिस्टरमध्ये आणि टॅलीत असतो. तिथे पहिली नोकरी मिळते ती एमआयएस एक्झिक्युटिव्हची. काम एक्सेल, पिव्हट टेबल आणि मालकाला रोज संध्याकाळी जाणारा रिपोर्ट. याला कमी लेखू नका. ‘गेल्या महिन्यात रिजेक्शन का वाढलं?’ या प्रश्नाचं उत्तर शोधणं हे कुठल्याही डेटा सायंटिस्टच्या कामाचं बीज आहे.

आणि बोळिंजचं काय? इथल्या म्हाडाच्या इमारती तुम्ही ट्रेनच्या बातम्यांइतक्याच वेळा पेपरात पाहिल्या असतील. मुंबईत घरासाठी माणसं सोडतीत वर्षानुवर्षं नशीब आजमावतात आणि इथली हजारो घरं सोडतीमागून सोडती झाल्या तरी विकली गेली नव्हती. शेवटी ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ म्हणून द्यावी लागली. ‘मुंबई परिसरात किती लोकांना घर हवंय?’ या प्रश्नाचं उत्तर लाखांत येतं. पण ‘स्टेशनपासून एवढ्या अंतरावर, एवढ्या किमतीला, पाण्याची ही अवस्था असताना किती लोकांना घर हवंय?’ हा वेगळाच प्रश्न आहे. सूर्या प्रकल्पाचं पाणी आल्यावर इथल्या घरांकडे बघायची नजर बदलली, ती याचमुळे. अमेरिकेतल्या झिलो कंपनीनेही घरांच्या किमतीचा अंदाज मॉडेलवर सोपवून घरं विकत घेतली आणि २०२१ मध्ये तोटा खाऊन तो धंदाच बंद केला. चुकीचा प्रश्न विचारला की मोठ्यातलं मोठं मॉडेलही चुकीचंच उत्तर देतं, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

त्यातही आपल्या वसई-विरारची अधिकृत लोकसंख्या विचारली, तर आजही २०११च्या जनगणनेतले १२ लाख २२ हजारच सांगितले जातात. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या हे आपण रोज लोकलच्या दारातून मोजतोच आहोत. पाणी, शाळा, दवाखाने यांचा हिशोब या जुन्या आकड्यावर किती काळ बसवायचा?

मग आपण काय करायचं?

या पानाचं मत स्पष्ट आहे. डेटा सायन्स वाईट नाही, ते एकच नोकरी म्हणून विकणं वाईट आहे. डेटा ॲनालिस्ट, डेटा इंजिनीअर, मशीन लर्निंग इंजिनीअर, संख्याशास्त्रज्ञ, एमआयएस एक्झिक्युटिव्ह ही वेगवेगळी कामं आहेत, त्यांचे पगार वेगळे, त्यांची पात्रता वेगळी. फी भरण्याआधी क्लासवाल्यांना पाच प्रश्न विचारा. मागच्या बॅचला किती जण होते? त्यातले किती कामाला लागले, कुठल्या पदावर? शिकवणाऱ्याने स्वतः कुठल्या क्षेत्रात काम केलंय? सरावाला अस्वच्छ, खराखुरा डेटा मिळतो का? आणि कोर्स सोडला तर फी आणि कर्जाचं काय? उत्तर लेखी मागा. लेखी देत नसतील, तर ते तुमचं उत्तर.

क्लासवाल्यांनीही एवढं करावं: पोस्टरवर ‘१०० टक्के’ छापायचं असेल, तर कशाचे १०० टक्के तेही त्याच आकाराच्या अक्षरांत छापावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत, नोकरीच्या खोट्या हमीचा त्यात समावेश आहे. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. नंबर सेव्ह करून ठेवा. आणि कॉलेजांनो, प्लेसमेंटच्या बॅनरवर एकाच मुलाचं सगळ्यात मोठं पॅकेज लावण्यापेक्षा मधल्या मुलाचा पगार लावा. संख्याशास्त्राच्या पहिल्याच धड्यात मध्यक शिकवता ना, मग तो बॅनरवर का दिसत नाही?

शिकायचं असेल, तर स्वस्त वाटाही आहेत. स्वयम आणि एनपीटीईएलवर मोफत लेक्चर आहेत. आयआयटी मद्रासची ऑनलाइन बी.एस. पदवी आहे, तिला जेईई लागत नाही, पण पात्रता परीक्षा लागते आणि अभ्यास खरोखर लागतो. सरकारचा खुला डेटा पोर्टलवर पडून आहे. तिथून आपल्या तालुक्याची एखादी फाइल उतरवा आणि तिच्यात चुका शोधा. तुमचा पहिला प्रोजेक्ट टायटॅनिकच्या प्रवाशांवर असण्यापेक्षा विरार लोकलच्या प्रवाशांवर असू दे.

‘पण कोड तर आता चॅटजीपीटी लिहून देतं,’ असं कोणीतरी म्हणेलच. देतंच. पण बोळिंज आणि बोळींज एकच आहे, कापणीचा तुकडा रस्त्याकडेला का निवडला, काकूंचं पेमेंट का अडलं, हे विचारायचं त्याला आपणहून सुचत नाही. बी.ए. असा, बी.कॉम. असा, नर्सिंग करत असा. तुमच्या विषयातली जाण हीच तुमची अर्धी पात्रता. उरलेली अर्धी, म्हणजे संख्याशास्त्र आणि कोडिंग, शिकावीच लागेल. तिथे शॉर्टकट नाही.

आमच्या दादाचे सात हप्ते अजून बाकी आहेत. मागच्या आठवड्यात मात्र त्याने गोदामात परत येणारा माल तपासला आणि त्यातला बराचसा पत्ता चुकल्यामुळे परत येतो, हे साहेबांना दाखवून दिलं. पोस्टरवरचं पद त्याला मिळालेलं नाही. काम मात्र त्याने सुरू केलंय.